ध्वनिमुद्रिका-प्रकाशन संस्था, स्वतंत्र (भारतातील)

गायन, वादन वा भाषण यांचे ध्वनिमुद्रण करवून त्याच्या प्रती स्वतःच्या नाममुद्रेखाली विक्रीस किंवा प्रसारणास देणारी, पण कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मालकीची नसलेली संस्था. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या गोल कागदावर अशा संस्थेचे नाव, चिन्ह व तबकडीचा क्रमांक छापलेला असे. त्या कागदालाच ‘लेबल’ म्हणत आणि पुढे तोच शब्द संस्थेलाही लागला. तबकडी गेली, ध्वनिफीत गेली. ‘लेबल’ हा शब्द मात्र व्यवहारात टिकून आहे.

या व्यवसायास लागणारी यंत्रसामग्री पूर्वी फार महाग होती. ती आता स्वस्त झाली आहे. तथापि कोणत्याही काळात अशा संस्थेचे खरे भांडवल यंत्रसामग्री हे नव्हते. कवीचा शब्द, संगीतकाराची चाल, गायकाचा गळा आणि मुद्रित झालेला ध्वनी या चार वस्तूंवर कोणाचा किती काळ अधिकार चालेल, हे सांगणारे कायदे आणि त्या कायद्यांच्या आधारे केलेले लेखी करार हेच तिचे भांडवल होय. भारतात हे चारही अधिकार एकाच वेळी अस्तित्वात आले नाहीत. मुद्रित ध्वनीवरील मालकीचा अधिकार आधी मान्य झाला, गायकाचा अधिकार सर्वांत शेवटी. आणि या दोहोंमध्ये सु. ऐंशी वर्षांचे अंतर पडले. नवी संस्था काढणाऱ्यास आज जी कागदपत्रे करावी लागतात, त्यांपैकी बहुतेकांच्या मागे या मधल्या काळातील एखादा वाद आहे.

पूर्वपीठिका : लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीच्या वतीने फ्रेड गेसबर्ग हे १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आले व त्यांनी गौहर जान प्रभृती कलावंतांचे गायन मुद्रित केले. या ध्वनिमुद्रणांचे साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविले जात व तेथे तबकड्या तयार होऊन परत येत. तेथील कारागिरांस गायिका ओळखता यावी, म्हणून गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत असत. त्या काळी गायिकेच्या नावाचा तबकडीशी असलेला संबंध एवढाच होता. मुद्रणाच्या दिवशी ठरलेली रक्कम हाती पडली, की व्यवहार बहुधा संपत असे. तबकडी किती खपली याच्याशी गायिकेला कायद्याने काही कर्तव्य नव्हते.

कंपनीचा अधिकारही तेव्हा संदिग्धच होता. भारतात १८४७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा लागू होता, परंतु त्याचा विषय ग्रंथ हा होता. ध्वनी मुद्रित होऊ शकतो, ही कल्पनाच त्या वेळी नव्हती. इंग्लंडमध्ये बूझी विरुद्ध व्हाइट (१८९९) या खटल्यात, यांत्रिक वाद्यासाठी कागदावर पाडलेली छिद्रे म्हणजे संगीतलिपीची नक्कल नव्हे, असे ठरले होते. या न्यायाने तबकडीवर चाल मुद्रित करण्यास संगीतकाराच्या परवानगीची गरज उरत नव्हती. सियालदह (कलकत्ता) येथे कंपनीने १९०८ मध्ये तबकड्यांचा कारखाना काढला. त्याच दशकात कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बसू यांनी स्वदेशीच्या वातावरणात स्वतःच्या नावाने दंडगोल-ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या व त्यांत रवींद्रनाथ टागोरांचा आवाजही होता. परकीय कंपनीच्या आश्रयावाचून काढलेली भारतीय नाममुद्रा म्हणून त्या उपक्रमाचे महत्त्व आहे.

१९११ व १९१४ चे कायदे : ब्रिटिश संसदेचा १९११ चा प्रताधिकार कायदा काही फेरफारांसह १९१४ च्या तिसऱ्या अधिनियमान्वये भारतास लागू झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने या व्यवसायाची पुढील दिशा ठरविली. ध्वनिमुद्रिकेस संगीतकृतीप्रमाणेच संरक्षण मिळाले व त्याची मुदत मूळ पट्टिका तयार झाल्यापासून ५० वर्षे ठरली. ज्याच्या मालकीची मूळ पट्टिका, तोच त्या ध्वनिमुद्रिकेचा कर्ता मानावा, असे कायद्याने सांगितले. गायक, साथीदार किंवा चालीचा जनक यांचा या व्याख्येत उल्लेख नव्हता. पट्टिका कंपनीच्या पैशाने तयार होई, म्हणून कर्तेपण कंपनीकडे गेले. कर्ता या शब्दाचा इतका व्यापारी अर्थ इतर कोणत्याही कलेच्या बाबतीत क्वचितच केला गेला असेल.

त्याच कलमात एक वेगळी तरतूदही होती. संगीतकाराने आपली चाल एकदा मुद्रित होऊ दिली, की त्यानंतर दुसऱ्या कोणासही विहित सूचना देऊन व स्वामित्वशुल्क भरून तीच चाल नव्याने गाऊन घेऊन मुद्रित करता येई. हे शुल्क सामान्यतः किरकोळ विक्रीच्या किंमतीच्या ५ टक्के होते. एकाच बड्या कंपनीने सर्व लोकप्रिय चाली कायमच्या अडवून ठेवू नयेत, असा या सक्तीच्या अनुज्ञप्तीचा हेतू होता. दुसऱ्याच्या तबकडीची नक्कल करण्यास मात्र तिने मुभा दिली नाही. गाणे पुन्हा गाऊन घ्यावे लागे. सात दशकांनंतर भारतीय बाजारपेठेचे स्वरूप पालटण्यास याच तरतुदीचा वारसा कारणीभूत ठरला.

१९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी व कोलंबिया कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ई.एम.आय. ही संस्था निर्माण झाली व भारतीय बाजारपेठेचा बहुतांश भाग तिच्याकडे आला. असे असूनही याच दशकात भारतीय नाममुद्रांची संख्या वाढली. कलकत्त्यात हिंदुस्थान व मेगाफोन, मद्रासेत ओडियनच्या साहाय्याने व्यवसाय करणारे सरस्वती स्टोअर्स, तर मुंबईत १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची ‘यंग इंडिया’ ही नाममुद्रा निघाली. कलकत्त्याच्या अनेक संस्थांच्या तबकड्या दमदम येथील ग्रामोफोन कंपनीच्याच कारखान्यात ठशावर निघत. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करावयाची, त्याच्याच दारात माल तयार करून घ्यावा लागे. यंग इंडियाने मुंबईत स्वतःचा कारखाना उभारून हे परावलंबन टाळले. मराठी व गुजराती गायकांना, विशेषतः मोठ्या कंपनीच्या यादीत स्थान न मिळालेल्यांना, तिने संधी दिली. १९५५ च्या सुमारास ती बंद पडली. स्वतःचा कारखाना ही तिची शक्ती होती, तसा तो तिच्यावरील भारही असावा.

या संस्थांना नाममुद्रेचे संरक्षण मिळविणे सुलभ नव्हते. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा भारतात १९४० पर्यंत नव्हता. तोपर्यंत दस्तऐवज-नोंदणी कार्यालयात चिन्हाविषयीचे प्रतिज्ञापन नोंदवून ठेवणे आणि प्रसंगी, आपला माल म्हणून दुसरा माल खपविला जात आहे, असा दिवाणी दावा लावणे एवढेच उपाय होते. फोन्याजवळ बसलेल्या कुत्र्याचे चित्र अशिक्षित ग्राहकासही ओळखता येई. लहान संस्थांनी आपापल्या तबकड्यांवर ठळक चित्रे छापण्याचा जो प्रघात पाडला, त्याचे कारण यात आहे.

१९५७ चा अधिनियम व त्यानंतरचे वाद : स्वतंत्र भारताचा प्रताधिकार अधिनियम १९५७ मध्ये संमत होऊन २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. ध्वनिमुद्रिकेचा कर्ता म्हणजे मूळ पट्टिकेचा मालक ही व्याख्या त्याने कायम ठेवली. संगीतकृतीची त्याने केलेली व्याख्या तर भारतीय संगीताच्या दृष्टीने विपरीतच म्हणावी लागेल. मुद्रित केलेली, लिहिलेली अथवा अन्य प्रकारे आलेखित झालेली स्वररचना तेवढी संगीतकृती ठरली. वि. ना. भातखंडे व वि. दि. पलुस्कर यांनी स्वरलिपी रूढ करण्यासाठी केलेले परिश्रम सर्वश्रुत आहेत. पण बहुसंख्य बंदिशी, लावण्या व भजनांच्या चाली मुखपरंपरेनेच चालत आल्या. ज्याने चाल बांधली पण कागदावर उतरविली नाही, त्याची चाल कायद्याच्या नजरेस दिसतच नव्हती. ती तबकडीवर चढली म्हणजे मात्र तबकडीच्या मालकास संरक्षण मिळे. लेखनाची ही अट १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकली.

तबकडी सार्वजनिक ठिकाणी वाजविली, तर तिच्या निर्मात्यास शुल्क मागता येते, हे इंग्लंडमध्ये १९३४ च्या कारवर्डाइन खटल्यात एका उपाहारगृहाच्या संदर्भात ठरले होते. त्या धर्तीवर निर्मात्यांच्या वतीने शुल्क गोळा करणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही संस्था भारतात १९४१ मध्ये नोंदली गेली. गीतकार व संगीतकार यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था निघण्यास मात्र १९६९ साल उजाडले. तिने शुल्काचे दर जाहीर करताच चित्रपट-निर्माते व चित्रपटगृहांचे मालक यांनी हरकत घेतली. प्रताधिकार मंडळाने सोसायटीच्या बाजूने निर्णय दिला, कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरविला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचाच निर्णय कायम केला. निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीतावर व चालीवर, विरुद्ध करार नसेल तर, निर्मात्याचाच प्रथमाधिकार चालतो, असे ठरले. याच निकालास जोडलेल्या आपल्या मतात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या स्थितीकडे लक्ष वेधले. शब्द व स्वरलिपी यांस संरक्षण असावे आणि ज्याच्या गळ्यामुळे ते रसिकांपर्यंत पोहोचतात, त्यास काहीच नसावे, हे त्यांना खटकले होते. संसदेने त्यावर उपाय करण्यास पुढे सतरा वर्षे घेतली.

ध्वनिफितींचा काळ : तबकड्यांचा कारखाना उभारणे हे लहान भांडवलदाराच्या आवाक्याबाहेरचे काम होते, ध्वनिफितीने ही अडचण दूर केली. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात घरोघरी टेपरेकॉर्डर आले व ऐंशीच्या दशकात गावोगावी ध्वनिफिती काढणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. मराठीतील भक्तिगीते, भीमगीते, कोळीगीते, तमाशातील वग व कीर्तने यांना यापूर्वी कधी नव्हता इतका मोठा श्रोतृवर्ग मिळाला. पुण्यात सुरेश अलूरकर यांनी चालविलेली अलूरकर म्युझिक हाउस ही संस्था शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफितींसाठी रसिकांमध्ये विशेष ओळखली जात असे. खप मोठा नसलेले संगीतही निष्ठेने प्रकाशित करता येते, हे अशा संस्थांनी दाखविले.

पण ज्या यंत्राने लहान संस्थेस जन्म दिला, त्याच यंत्राने तिच्या मालाची चोरीही सोपी केली. सिंगापूरहून नेपाळकडे निघालेल्या ध्वनिफितींचा एक साठा कलकत्ता बंदरात उतरला असता ग्रामोफोन कंपनीने त्यास आक्षेप घेतला. माल भारतात विकावयाचा नसून केवळ पुढे न्यावयाचा असला, तरी ती कायद्याच्या अर्थाने आयातच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा वाढविण्यात आली. शिवाय नव्या ५२ अ कलमान्वये प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर व तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता, प्रताधिकार धारण करणाऱ्याचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. पूर्वी ज्या माहितीचे स्वरूप जाहिरातीचे होते, ती आता कायदेशीर अट बनली.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज (टी-सिरीज) या दिल्लीच्या संस्थेने सक्तीच्या अनुज्ञप्तीचा वापर मोठ्या प्रमाणावर केला. जुनी लोकप्रिय चित्रपटगीते नव्या गायकांकडून गाऊन घेऊन तिने स्वस्तात विकली. या गीतांस ‘व्हर्शन’ म्हणत. मूळ ध्वनिमुद्रणांचे मालक यावर चिडले, हे स्वाभाविक होते. पण कायदा मूलतः याचसाठी होता, हेही विसरता येत नाही. वाद खरा होता तो वेष्टनाविषयी. हम आपके हैं कौन (१९९४) या चित्रपटाच्या गीतांची नव्या आवाजातील ध्वनिफीत निघाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ग्राहकाची फसगत टाळण्यासाठी, ही मूळ ध्वनिफीत नव्हे, हे वेष्टनावर ठळकपणे सांगण्यास भाग पाडले. स्वस्त ध्वनिफितीने अनेक नवे गायक पुढे आणले आणि त्याचबरोबर मूळ गायकाचे नाव झाकण्याची वाईट सवयही लावली; यांपैकी कोणताही भाग नाकारता येत नाही.

१९९४ व २०१२ च्या दुरुस्त्या : १९९४ चा दुरुस्ती अधिनियम १० मे १९९५ पासून अंमलात आला. त्याने ‘पट्टिकेचा मालक’ ही संकल्पना मोडीत काढून, ध्वनिमुद्रणाचा पुढाकार व जबाबदारी घेणारा निर्माता हा त्याचा कर्ता ठरविला. गायक, वादक इ. प्रयोगकर्त्यांना त्यांच्या प्रयोगावर प्रथमच स्वतंत्र अधिकार मिळाला. त्याची मुदत आरंभी २५ वर्षे होती व १९९९ मध्ये ती ५० वर्षे झाली. तत्पूर्वी १९९२ मध्ये प्रताधिकाराची सर्वसाधारण मुदत ५० वरून ६० वर्षे करण्यात आली होती. टागोरांच्या साहित्यावरील अधिकार संपत आल्याने ही वाढ झाली. ध्वनिमुद्रणांनाही तिचा लाभ मिळाला.

२१ जून २०१२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने १९७७ च्या निकालाचा परिणाम मोठ्या अंशी पुसून टाकला. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या गीताच्या व चालीच्या कर्त्यास चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य उपयोगांबद्दलचे स्वामित्वशुल्क समान वाट्याने मिळण्याचा अधिकार आला व तो कायदेशीर वारस किंवा प्रताधिकार संस्था यांखेरीज कोणाच्याही नावे सोडून देता येत नाही, असे ठरले. अधिकार सोडून दिल्याचे लिहून घेतले, तरी ते लेखन निरर्थक ठरते. गायकासही आपल्या प्रयोगाच्या व्यापारी वापराबद्दल शुल्क मागता येऊ लागले. जुने गाणे पुन्हा मुद्रित करण्याची सवलत मात्र आवळण्यात आली. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच पूर्ण वर्षे थांबणे, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे शुल्क आगाऊ भरणे, चालीत व शब्दांत बदल न करणे आणि वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा चित्र न वापरणे, अशा अटी आल्या. लहान संस्थेस हे परवडणारे नाही. म्हणून ती बहुधा मूळ अधिकारधारकाशी थेट बोलणी करते.

सांप्रतची कार्यपद्धती : संस्थेचा कायदेशीर आकार प्रथम ठरवावा लागतो. एकल मालकी, १९३२ च्या अधिनियमाखालील भागीदारी, २००८ च्या अधिनियमाखालील मर्यादित दायित्व भागीदारी किंवा २०१३ च्या कायद्याखालील खाजगी कंपनी यांपैकी कोणताही पर्याय चालतो. मित्रामित्रांत तोंडी ठरलेली भागीदारी हा फार प्रचलित प्रकार आहे व तोच सर्वांत धोक्याचा आहे. कारण नोंदणी न केलेल्या भागीदारी संस्थेस करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही. जिची सर्व मालमत्ता करारांच्या स्वरूपात आहे, अशा संस्थेस ही उणीव फार भोवते. नाममुद्रेची नोंदणी १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाखाली होते. मुद्रित ध्वनिमाध्यमे नवव्या वर्गात आणि संगीत-निर्मितीची सेवा एकेचाळिसाव्या वर्गात मोडते. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. उलाढाल विहित मर्यादेपलीकडे गेल्यास २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराखाली नोंदणी आवश्यक ठरते.

याहून अधिक काळजी करारांच्या बाबतीत घ्यावी लागते. अधिकाराचे अभिहस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त नसेल, तर कायद्यात त्याला किंमत नाही. कोणती कृती, कोणता अधिकार, किती मुदत, कोणता प्रदेश व किती मोबदला हे त्यात नमूद असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो केवळ भारत, असे कायदा गृहीत धरतो. आणि मिळालेला अधिकार एका वर्षात वापरला नाही, तर विरुद्ध ठराव नसल्यास तो परत जातो. ध्वनिमुद्रण उत्तम, गायक नामांकित आणि कागदावर मुदतच नाही, अशा स्थितीत सहाव्या वर्षी संस्थेच्या हाती काय उरेल हे सांगावयास नको. गीतकार, संगीतकार, गायक, साथीदार व ध्वनिमुद्रणाचा तंत्रज्ञ या प्रत्येकाशी वेगळा लेख करावा लागतो. बालगायकाच्या बाबतीत पालकाची स्वाक्षरी लागते, कारण १८७२ च्या संविदा अधिनियमान्वये अज्ञानाने केलेला करार चालत नाही.

प्रताधिकाराची नोंदणी ऐच्छिक आहे. ती केल्याने अधिकार निर्माण होत नाही, पण वाद निघाल्यास नोंदवहीतील उतारा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणास आंतरराष्ट्रीय प्रमाण ध्वनिमुद्रण-संकेतांक दिला जातो. बारा चिन्हांचा हा संकेतांक नसेल, तर इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या गाण्याचा हिशेब योग्य संस्थेपर्यंत पोहोचत नाही. शुल्काचे दर ठरविणारे प्रताधिकार मंडळ २०१७ मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झाले व ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये रद्द झाल्याने, असे वाद आता न्यायालयांपुढे जातात. प्रसारण संस्थांना वैधानिक दराने गाणी वापरण्याची जी सवलत २०१२ मध्ये मिळाली, ती इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात २०१९ मध्ये ठरविले व २०२२ मध्ये द्विसदस्य पीठाने तेच मत कायम केले. त्यामुळे अशा सेवांशी दर ठरविताना लहान संस्थेसही नकार देण्याचा अधिकार राहिला आहे. तो वापरण्याइतके बळ मात्र तिच्याजवळ सहसा नसते.

मुदत संपलेली ध्वनिमुद्रणे पुन्हा प्रकाशित करण्याचे एक क्षेत्र नव्या संस्थांसाठी खुले आहे. यंग इंडियाच्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा अधिकार साठ वर्षांच्या गणनेने केव्हाच संपुष्टात आला असून त्या कोणासही काढता येतात. मात्र त्यांवरील गीताच्या व चालीच्या अधिकाराची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालते. गीतकार १९७० नंतर वारला असेल, तर ध्वनी मुक्त व शब्द बद्ध अशी स्थिती उद्भवते आणि प्रकाशनापूर्वी त्याच्या वारसांचा शोध घ्यावा लागतो.